माळ्याची झडप

थंडीच्या दिवसांत घरात वारा कोठून शिरतो असे कोणालाही विचारा, तो दाराकडे किंवा खिडकीकडे बोट दाखवील. पायाला गार झुळूक लागली की आपण उठतो, उंबरठ्यापाशी एखादे जुने पोते गुंडाळून सारतो आणि पुन्हा पांघरुणात शिरतो. झुळूक थोडी कमी होते, पण थांबत नाही. कारण पायाला लागणाऱ्या वाऱ्याचे मूळ पुष्कळदा डोक्यावर असते. घरातली ऊबदार हवा हलकी होऊन वर जाते, छपरातल्या फटींतून निसटते, आणि तिची जागा भरून काढण्यासाठी खालून थंड हवा ओढली जाते. वरची वाट मोकळी असेल तोवर खालची एक फट बुजवली तर वारा दुसरी शोधतो. घर जितके उंच आणि आतबाहेरच्या उष्णतेतला फरक जितका मोठा, तितकी ही ओढ जास्त. कारखान्याच्या धुराड्याचे जे शास्त्र, तेच आपल्या घराचे.

हे शास्त्र मी तीस वर्षे शाळेत शिकवले. फळ्यावर घर काढायचे, आत मेणबत्ती काढायची आणि बाण दाखवायचे. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यायचे. प्रत्यक्ष घरावर ते वापरून पाहण्याचा प्रसंग मात्र निवृत्त झाल्यावर उंद्रीला आला. त्या प्रसंगाचा मी जो उपयोग केला, त्याची ही हकिकत आहे. हकिकत तशी लहान आहे. पण तिने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला तो काही केल्या लहान होत नाही. दुसऱ्याचे भले करायला निघालेल्या माणसाने त्याला न विचारता कोठवर जावे?

उंद्री हे बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यातले गाव. आमच्या जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. खामगाव, शेगाव हे पूर्णेच्या खोऱ्यातले, घाटाखालचे, चिखली घाटावरची. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे हे पठार आहे. उन्हाळ्यात विदर्भाच्या इतर भागांपेक्षा येथे जरा सुसह्य वाटते, आणि त्याची भरपाई पौषात करावी लागते. कपाशी वेचून झालेली असते, तुरी उभ्या असतात, हरभऱ्याला घाटे धरू लागलेले असतात, आणि उघड्या रानावरून रात्री जो वारा येतो त्याला आडवायला फारसे काही नसते.

माझी काकू तेथे एकटी राहते. काका गेल्याला बरीच वर्षे झाली. मुले नोकरीमुळे परगावी. तिने ऐंशी ओलांडली आहे, पण "मी येत नाही, तुम्ही या" या एका वाक्यावर तिने सगळ्यांना गप्प बसवले आहे. घर जुने, धाब्याचे. लाकडी तुळया, त्यांवर फाटे, फाट्यांवर पाला आणि वर वीतभर जाडीची पांढरी माती. अशा घरात उन्हाळ्यात दुपारी शिरले की झाडाखाली आल्यासारखे वाटते. स्वयंपाकघरावर फळ्यांचा एक माळा आहे. त्यावर लसूण, वाळलेल्या मिरच्या आणि बियाण्यासाठी राखून ठेवलेली ज्वारीची कणसे. माळ्याला शिडीने जायचे, आणि शिडीच्या तोंडाशी दोन हात लांब, दीड हात रुंद अशी सागवानी झडप. माळ्याच्याही वर, धाब्यातच, एक भोक ठेवलेले आहे. त्याला घरात साणे म्हणतात. पावसाळ्यात त्यावर पत्रा झाकायचा, एरवी ते उघडे. चुलीचा धूर झडपेच्या फटींतून माळ्यावर जातो, कणसांभोवती रेंगाळतो आणि साण्यातून आकाशात जातो. धुरावरच्या बियाण्याला कीड लागत नाही, हे काकूला कोणी शिकवावे लागले नाही.

काही वर्षांपूर्वीच्या पौषात मी महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो. माझी खाट माजघरात होती. काकू स्वयंपाकघरातच, चुलीजवळ निजे. पहिल्याच रात्री माझ्या लक्षात आले की, पुढच्या दाराखालून एक गार धार निघते, माझ्या खाटेवरून जाते आणि स्वयंपाकघरात शिरते. पहाटे उठून मी त्या धारेचा माग काढला. उदबत्ती पेटवून ती दाराशी धरली, मग चौकटीशी, मग झडपेखाली. धुराची रेघ सगळीकडे एकाच दिशेला वाकत होती, आणि झडपेखाली तर ती कोणी वरून ओढून घ्यावी तशी उभी चढत होती. तीस वर्षे फळ्यावर काढलेले बाण मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसले. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही.

मी काकूला म्हटले, "काकू, या झडपेतून तुझी सगळी ऊब वर जाते. मी ती नीट बसवून देतो."

काकू भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बसव की."

पुढचे चार दिवस मी त्या झडपेच्या मागे होतो. फळ्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने पिळल्या होत्या, म्हणून झडप चौकटीवर तीनच कोपऱ्यांनी टेकत होती. आधी शेजारून रंधा आणून उंचवटे काढले. मग चौकटीच्या कडेने जुन्या धोतराच्या चिंध्यांची घडी ठोकली. ती दोन दिवसांत दबून सपाट झाली. नंतर सायकलची टाकाऊ ट्यूब लांबीत कापून तिची पट्टी चुकांनी बसवली, आणि जेथे फळी फारच वर उचलली होती तेथे घोंगडीचा तुकडा घातला. रबर दबते आणि पुन्हा फुगते, म्हणून फट धरून राहते. चिंधी दबली की दबलीच. बिजागरीच्या बाजूला पट्टी थोडी पातळ लागते, नाहीतर झडप समोरून उघडी राहते. हे सगळे मी चुकत शिकलो. शेवटी झडपेवर, माळ्यावरच्या बाजूने, जुना फुटका पाटा ठेवला. पुन्हा उदबत्ती फिरवली. धुराची रेघ जागच्या जागी घुटमळली. त्या रात्री माझ्या पायांना वारा लागला नाही. मी इतका गाढ झोपलो की, काकूचे खोकणे मला ऐकू आले नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काकूकडे गॅस आहे. त्यावर ती चहा करते आणि पाहुणा असला तर भाजी. भाकरी मात्र चुलीवर आणि आंघोळीचे पाणीही चुलीवर. थंडी फार असली की रात्री चुलीतले निखारे ती एका घमेल्यात काढते आणि ते खाटेजवळ ठेवते. हे मी पाहिले होते. त्यात मला काही वावगे वाटले नाही, कारण ती हे नवरी म्हणून त्या घरात आली तेव्हापासून करीत आली आहे आणि तिला कधी काही झाले नाही. का झाले नाही, एवढेच विचारायचे मी विसरलो.

झडप बसवल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजले तरी काकू उठली नाही. मी स्वयंपाकघराचे दार ढकलले. धूर नव्हता. घमेल्यात राख होती. काकू खाटेच्या कडेशी बसली होती, डोके धरून; तिला ओकारी झाली होती आणि उभे राहताना तिचे पाय तिला धरीत नव्हते. मी मागचे दार उघडले, तिला उचलून अंगणात आणले आणि शेजाऱ्यांच्या मदतीने दवाखान्यात नेले. तेथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "रात्री खोलीत शेगडी होती का?" आणि दुसरा: "खोली बंद होती का?" पहिल्याचे उत्तर मी दिले. दुसऱ्याचे देताना माझा आवाज निघेना. त्यांनी तिला प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावर रंग आला. आणखी एखादी रात्र तशी गेली असती, तर ही हकिकत मी लिहिली नसती.

निखाऱ्याचा धोका असा की तो दिसत नाही. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणून माणूस दार उघडतो. निखारा फुलला की धूर देत नाही. तो कार्बन मोनॉक्साइड देतो, आणि या वायूला ना रंग, ना वास. आपल्या रक्तातले जे द्रव्य प्राणवायू वाहून नेते त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो आणि तरीही गुदमरत असतो. झोपेत असला तर त्याला कळतही नाही. हेही मी शाळेत शिकवले होते, पण दुसऱ्या धड्यात. एका धड्यात ऊबदार हवा वर जाते आणि दुसऱ्या धड्यात निखाऱ्यातून विषारी वायू निघतो. दोन्ही धडे एकाच स्वयंपाकघरात राहतात, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. काकूला मात्र ते ठाऊक होते, शब्दांवाचून. तिच्या घमेल्याचा आणि त्या फटक्या झडपेचा साठ वर्षांचा करार होता. मी त्यातला एक पक्षकार परस्पर काढून टाकला.

घरी आल्यावर रात्री मी पाटा काढून झडप उघडी टाकली आणि तिच्या खाटेजवळ बसलो. म्हणालो, "काकू, दोन दिवस धूर कोंडत होता. मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तू माह्यासाठी करून रायला होता, बापू. चार दिस घाम गाळला. मंग मी काय म्हनू?"

थोड्या वेळाने, मी झोपेत आहे असे समजूनच की काय, ती पुन्हा म्हणाली, "वारा तुले लागे. मले धूर लागे. तू तुह्या वाऱ्याचा बंदोबस्त केला."

या दोन वाक्यांवर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला आहे. दुसरे वाक्य ऐकताना मला राग आला होता, कारण ते खरे होते. वाऱ्याची धार माझ्या खाटेवरून जात होती. तिच्या खाटेवर ती पोचेपर्यंत तिचा जोर संपलेला असे. मला थंडी वाजली, आणि मी "तुझी ऊब जाते" असे म्हटले. मी लबाडी केली असे मला वाटत नाही. माझा तसा प्रामाणिक समज होता. परंतु दुसऱ्याच्या भल्याचा विचार करताना आपण त्याच्या जागी स्वतःला बसवतो, असे जे सांगतात, त्यात ही खोच आहे: आपण त्याच्या जागी बसतो ते आपलीच खाट घेऊन. त्याला कोठे टोचते ते आपल्याला दिसत नाही. आपल्याला तेथे काय टोचले असते एवढेच दिसते.

पहिले वाक्य अधिक अवघड आहे. काकूला धूर लागत होता. तिला तोंड होते आणि ते ती गावात भल्याभल्यांपुढे उघडते. तरी ती माझ्यापुढे गप्प राहिली, कारण मी उपकार करीत होतो. जुलूम करणाऱ्यापुढे माणूस निदान मनातून तरी नाही म्हणतो. माया करणाऱ्याला नाही म्हणणे म्हणजे त्याची माया परत करणे, आणि आपल्याकडच्या बायकांच्या एका सबंध पिढीला ते जमत नाही. शिकलेला पुतण्या, चार दिवस शिडीवर चढून खिळे ठोकतो आहे. त्याला "काढ ते" असे कसे म्हणायचे? तिने मला "बसव की" म्हटले होते. ती मी संमती समजलो. ती संमती नव्हती. ती पाहुण्याची सरबराई होती.

म्हणून मला वाटते की, ज्याच्यावर आपण उपकार करतो त्याच्या होकाराची किंमत फारच सावधपणे लावली पाहिजे. ज्याला नकार देणे शक्य आहे त्याचाच होकार खरा. आणि नकार शक्य करून ठेवणे हे उपकार करणाराचे काम आहे, घेणाराचे नव्हे.

जॉन स्कॉट हाल्डेन नावाचे एक स्कॉटिश शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले, म्हणून हे आडनाव आपल्याला परके नाही. वडील हाल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास हा कार्बन मोनॉक्साइड स्वतःच हुंगून त्याचे परिणाम टिपून ठेवले. कोळशाच्या खाणीत हा वायू साचला आहे की नाही हे कळावे म्हणून लहानसा प्राणी बरोबर न्यावा, ही सूचनाही त्यांचीच. पाखराचा श्वास जलद चालतो, म्हणून ते माणसाच्या आधी कोलमडते आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. इंग्लंडातल्या खाणींत पिवळी कॅनरी पाखरे १९८६ पर्यंत या कामावर होती. मला ही गोष्ट वाचताना नेहमी हाल्डेन यांच्याविषयी आदर वाटतो, कारण त्यांनी पाखराच्या आधी स्वतःला पिंजऱ्यात घातले. मी उलटे केले. झडप मी बसवली, माजघरात मोकळ्या हवेत झोपलो, आणि माझ्या शास्त्राची परीक्षा काकूच्या श्वासावर झाली.

आता कोणी म्हणेल, चूक बंद करण्यात होती. उघडे ठेवले असते तर काही झाले नसते. मलाही काही दिवस तसेच वाटले. सव्वाशे वर्षांपूर्वीची आपल्याकडचीच एक गोष्ट मात्र याला आडवी येते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा लागू झालेला आपण पाहिला. अंधाऱ्या, कोंदट घरांमुळे रोग पसरतो अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. म्हणून मुंबईत कित्येक घरांची कौले उतरवून छपरांना भोके पाडण्यात आली, उजेड आणि वारा आत यावा म्हणून. पुण्यात रँडच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत, स्वयंपाकघरांत आणि देवघरांत शिरले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, तो सर्वांना माहीत आहे. पुढे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखवून दिले की, प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसाकडे येतो. ते जगाला पटायला आणखी काही वर्षे लागली. उंदराला कौले उतरवल्याने काय होणार? तो शेजारच्या घरात गेला असेल.

त्या अधिकाऱ्यांनी माझ्या उलट केले. मी बंद केले, त्यांनी उघडले. तरीही आमची जात एकच. त्यांच्याकडे शास्त्र होते, ते अपुरे होते. माझ्याकडेही होते, तेही अपुरे होते. दोघांनाही लोकांचा जीव वाचवायचा होता किंवा त्यांना सुखी करायचे होते. आणि दोघांनीही घरात राहणाराला एवढेच विचारले नाही की, बाबा, तुझ्या छपरातले हे भोक कशासाठी आहे, किंवा कशासाठी नाही. उघडे चांगले की बंद चांगले, हा प्रश्नच मुळात दुय्यम आहे. उघडझापीची दोरी कोणाच्या हातात आहे, हा पहिला प्रश्न.

पण यातून आणखी एक सोपे तात्पर्य निघू पाहते आणि तेही मला पटत नाही. ज्याचे त्याला ठरवू द्यावे, आपण मधे पडू नये, असे म्हणून हात झटकता येतील. आजकाल हे बोलणे फार सभ्य समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातल्या चुलीच्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत बायका आणि मुले किती असतील ते सांगायला नको. त्या बायकांना विचारले असते तर पुष्कळशा म्हणाल्या असत्या, आमचे बरे चालले आहे. काकूही तेच म्हणे. तिला निखाऱ्याच्या वायूचे काही माहीत नव्हते. तिची सवय तिला सांभाळीत होती, ज्ञान नव्हे. आणि सवय ही परिस्थिती बदलेपर्यंतच शहाणी असते. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते तिला सांगणे हे माझे कर्तव्य होते. मी ते न सांगता खिळे ठोकायला घेतले, ही माझी चूक विचारण्याच्या आधीची आहे.

आणि घमेल्याचे काय? डॉक्टरांचे सगळे सांगणे मी काकूला समजावून दिले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "झडप उघडी ठेव, घमेलं राहू दे." येथे मी तिचे ऐकले नाही. घमेले मी उचलून अंगणात नेऊन पालथे घातले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या वेळी दोरी मी तिच्या हातून हिसकावली, हे मला कबूल केले पाहिजे. मी स्वतःला असे समजावतो की, झडप चुकीची बसली तर ती दुसऱ्या दिवशी काढता येते; माणूस एकदा गेले की ते परत आणता येत नाही; जेथे चूक दुरुस्त करायला उद्या उरणार नाही तेथे हात धरावा. हे म्हणणे मला अजून बरोबर वाटते. परंतु रँडसाहेबही स्वतःशी असेच काही म्हणत असेल, हे आठवले की मी जरा थबकतो. एवढे मात्र मला उमगले की, ज्याने दुसऱ्याचे निखारे काढून घेतले त्याने त्याच्या उबेची सोय केली पाहिजे, आणि तीही त्याच रात्री. मी चिखलीहून दोन जाड रजया आणि गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. तिसऱ्या रात्री काकू म्हणाली, "पिशवी बरी हाये." त्यावरून आमचे बोलणे सुरू झाले.

या सगळ्या दिवसांत मला वारंवार मुक्ताबाईची आठवण येत होती. लोकांच्या टाकून बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर झोपडीत शिरले आणि त्यांनी ताटी लावून घेतली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ताटी म्हणजे कामट्यांची किंवा बोरूंची विणलेली झापड. तिला कडी नाही, कुलूप नाही. धाकट्या बहिणीने नुसता हात लावला असता तरी ती आत पडली असती. मुक्ताबाईने हात लावला नाही. ती बाहेर उभी राहून समजावीत राहिली, आणि तिच्या त्या समजावण्याचे अभंग झाले. लहानपणी मला वाटे की, यात तिच्या ज्ञानाचे कौतुक आहे. आता वाटते की, तिच्या हाताचे कौतुक अधिक आहे. ढकलले की उघडणारे दार समोर असताना तिने ते आतून उघडण्याची वाट पाहिली. दार बाहेरून उघडले असते तर ताटी मोकळी झाली असती. ज्ञानेश्वर बाहेर आले असते की नाही, कोण जाणे.

महिना संपण्याआधी मी झडप पुन्हा केली, पण या वेळी काकू खाली बसून सांगत होती आणि मी शिडीवर उभा राहून ऐकत होतो. रबराच्या पट्ट्या ठेवल्या, कारण वाऱ्याविषयीचे माझे शास्त्र खोटे नव्हते. पाटा काढला. तुळईला एक लहान कप्पी बसवली, तिच्यावरून सुताची दोरी घेतली, दोरीचे एक टोक झडपेला आणि दुसरे काकूच्या उशाशी असलेल्या खुंटीला. दोरी ओढली की झडप उचलते, सोडली की बसते. चूल पेटली की झडप सताड उघडायची, हे तिने ठरवले. रात्री किती उघडी ठेवायची, तेही ती ठरवणार होती. मी एवढेच म्हटले की, खोलीत विस्तव असताना ती बंद करायची नाही. आणि ते तिला का, हे सांगून म्हटले.

गेल्या वर्षी पौषात पुन्हा उंद्रीला गेलो. दोरीला आता तीन गाठी होत्या. पहिली गाठ चुलीच्या वेळेची, दुसरी पाहुणे जेवायला असले म्हणजेची, तिसरी निजण्याची. तिसऱ्या गाठीवर झडप पुरती मिटत नाही. चार बोटे फट राहते. मी ती पाहिली आणि गप्प बसलो. माजघरात माझी खाट त्याच जागी होती, आणि रात्री ती ओळखीची धार, पूर्वीपेक्षा बारीक, माझ्या पायांवरून स्वयंपाकघराकडे गेली. मी पाय जवळ घेतले.

आतून काकूचा आवाज आला, "बापू, वारा लागते काय तुले?"

मी म्हणालो, "लागतो थोडा."

"मंग ये अन् वढ दोरी."

मी उठलो, तिच्या खाटेजवळ गेलो, अंधारात खुंटी चाचपली. दोरी हातात आली तेव्हा विचारले, "काकू, किती सोडू?"